एक किलो, बरोबर

मागच्या महिन्यात मुलीला बूट घ्यायला मॉलमध्ये गेलो होतो. बूट काही पटले नाहीत, पण खालच्या मजल्यावरच्या किराण्याच्या मोठ्या दुकानात फ्रीझरपाशी मी थबकले. आत एक देखणा खोका होता. त्यावर तांबड्या रश्शाचं चित्र, रश्शात तुकडे, वर कोथिंबीर, आणि खाली लिहिलेलं की हे मटण नाही, वनस्पतींपासून बनवलेलं, मटणासारखंच काहीतरी आहे. एका कोपऱ्यात हसरा बोकडही काढला होता. तो का हसत होता ते किंमत वाचल्यावर कळलं. खऱ्या मटणापेक्षा हा खोका महाग होता. बोकड वाचला होता आणि त्याच्याऐवजी गिऱ्हाईक कापलं जात होतं.

मी तिथंच मोठ्यानं हसायला लागले. मुलगी आठवीत आहे, तिला अलीकडे सगळ्या गोष्टींची लाज वाटते. "आई, लोक बघतायत," ती म्हणाली. बघू देत. त्या खोक्यातली वस्तू मी माझ्या ओट्यावर सात महिने बनवली होती, चित्र न लावता आणि बोकडाला न हसवता. आणि ती खाऊ घातली होती एका मापाऱ्याला.

मापारी म्हणजे माझे सासरे. नांदगावच्या बाजारात त्यांनी उभा जन्म धान्याची पोती मापण्यात घालवला. काटा त्यांच्यासमोर असायचाच, पण काट्याआधी त्यांचा हात बोलायचा. पोतं नुसतं कड धरून उचललं की वजन सांगायचे. वजनाचं एक वेळ कुणालाही जमेल, यांना आतला मालही कळायचा. ओली बाजरी, जुन्यात मिसळलेली नवी, तळाशी घातलेले खडे, सगळं हाताला लागायचं. माल आणि वजन दोन्ही चोख असलं तरच ते "बरोबर" म्हणत. भेसळीच्या पोत्याला त्यांनी हा शब्द कधी वापरला नाही. त्यामुळे बाजारात त्यांना मान खूप होता आणि मित्र फारसे नव्हते.

गुडघे गेल्यावर नवऱ्यानं त्यांना आणि सासूबाईंना नाशिकला आणलं. द्वारकेच्या चौकापासून आत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बाहेर दिवसभर हॉर्न वाजतात, आत सासरे खुर्चीत बसून जे हाती येईल त्याचं वजन करतात. भाजीची पिशवी, मुलीचं दप्तर, शेजारणीचं तान्हं बाळ. तान्हं त्यांनी तळहातावर तोलून "तीन किलोला कमी" म्हटल्यावर शेजारीण महिनाभर आमच्याकडे आली नाही.

आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मटण झालं. काळ्या मसाल्याचं, बाजरीच्या भाकरीबरोबर. जेवून हात धुतल्यावर सासऱ्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं आणि भाषण केलं.

"ऐका. रविवारचं मटण चालू हे तवर मी समजंल का आमचा घराला भार नाय. ज्या रविवारी बंद होईल, त्या सोमवारच्या गाडीनं आम्ही दोघं गावाला. मंग हातापाया पडायचं नाय."

आम्ही माना डोलावल्या. उपकार केल्यासारखा त्यांचा चेहरा होता. माझं लक्ष मात्र सासूबाईंकडे गेलं. त्या भांडी गोळा करत होत्या, आणि गाव हा शब्द निघाल्यावर त्यांचा हात मध्येच थांबला. गावात आता काय होतं? कुलूप लावलेलं घर, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं आणि शेजारी सगळे आपापल्या पोरांकडे शहरात गेलेले. मला त्यांची कीव आली असं म्हणणार नाही. तेव्हा आमचं एकमेकींशी फारसं पटतही नव्हतं.

तर गुढीपाडव्यानंतर नवऱ्याचं काम पातळ झालं. ओझरच्या रस्त्यावर एका लहानशा वर्कशॉपमध्ये तो लेथवर आहे. कामं येईनात, म्हणून मालकानं आठवड्यातले तीन दिवस ठेवले आणि उरलेल्या दिवसांना "बघू" म्हणाला. त्या "बघू"च्या दिवशीही नवरा सकाळी डबा घेऊन निघायचा आणि मित्राच्या टेंपोवर मदतीला जायचा. बापाला सांगायचं नाही, असं त्यानं मला शपथ घालून बजावलं. शपथेची गरज नव्हती. मी झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस टायपिंग करून जे आणते त्यात काय काय बसतं ते मला पाठ होतं. मटण त्यात बसत नव्हतं.

किराणावाल्याकडे सोयाबीनच्या वड्यांचं पोतं दारातच उघडं असतं. मी ते वर्षानुवर्षं ओलांडून आत जात असे. त्या शनिवारी पहिल्यांदा त्याच्यापाशी वाकले. वडी सुकी असताना वाळलेल्या अळंबीसारखी दिसते, पण पाण्यात पडली की फुगते, तंतू धरते आणि मसाल्यात घातली की कोणाचीही लाज न बाळगता मटणाचं सोंग आणते. पण सोंग वजनात कसं बसवायचं? कारण रविवारचा नियम ठरलेला होता. मी मटण आणायचं, गाठ मारलेली काळी पिशवी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवायची, त्यांनी डोळे मिटून ती तोलायची आणि "एक किलो, बरोबर" म्हणायचं. मगच ती पिशवी स्वयंपाकघरात जायची.

मी वड्या भिजवून, पिळून डब्यात भरल्या आणि सरळ मटणवाल्यापुढे ठेवल्या. म्हटलं, अर्धा किलो मटण द्या, थोडी रश्शाची हाडं द्या, आणि या वड्या त्यातच टाकून सगळं मिळून एक किलो भरा. म्हणताना माझे कान तापले होते. त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुरी पुसत म्हणाला, "ताई, लाजता काय? तुम्ही काय पहिल्या नाही." मला इतका धीर आजवर कोणी दिला नव्हता.

घरी येऊन पिशवी सासऱ्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटले. बोटं पिशवीखाली हलली. मी मनात दुसऱ्या दिवशीच्या नांदगावच्या गाडीची वेळ आठवायला लागले. मग ते म्हणाले, "एक किलो. बरोबर."

माणूस म्हातारा झाला, असं मी मनात म्हटलं, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की नंतर स्वतःचीच लाज वाटली.

आनंद स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच टिकला. हळद-मीठ लावायला पिशवी उघडली आणि सासूबाईंनी त्यात हात घातला. एक वडी दोन बोटांत धरून दाबली. पाणी निघालं.

"हे काय हे?"

"सोयाबीनच्या वड्या." मी रडायची आणि भांडायची, दोन्ही तयारी ठेवली. कामं कमी झाली, त्यांचा मुलगा टेंपोवर जातो, सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. "उकळल्या व्हत्या का?"

"नुसत्या भिजवल्या."

"मंग वास मारतील. मीठ-हळदीच्या पाण्यात उकळायच्या, पिळायच्या, गार पाण्यातून काढून परत पिळायच्या. अन् वाटणाच्या आधी तेलात चांगल्या परतायच्या. इतकं शिकलीस, हे नाय शिकवलं कुणी?"

दुष्काळात त्या हेच करायच्या म्हणे. पाहुण्यांच्या वाटीत तुकडे, घरच्या बायकांच्या वाटीत बेसनाच्या पाटवड्या आणि रस्सा दोन्हींवर सारखाच. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजलं आणि मसाला हात न राखता घातला की खाणारा आधी नाक पुसतो, तुकडा नंतर बघतो. मला त्या दिवशी कळलं की मी ज्याला माझी युक्ती समजत होते, तो त्यांचा पिढीजात धंदा होता.

वड्या पिळता पिळता त्या एकदम म्हणाल्या, "मला नाय जायाचं तिकडं परत. इथं नळ घरात हे. अन् तुझं तोंड वाकडं असलं तरी तू बोलती तरी. तिकडं भिंतीसंगं बोलावं लागतं."

एवढं बोलून त्यांनी नाक ओढलं. मी कांद्याचं निमित्त करून डोळे पुसले. कांदा केव्हाच भाजून झाला होता.

त्या रविवारपासून आम्ही दोघी एका बाजूला झालो. शनिवारी संध्याकाळी त्या वड्या उकळून ठेवायच्या, सकाळी मी डबा मटणवाल्याकडे न्यायची. अर्धा किलो मटण पुढे पाव किलोवर आलं, वड्या वाढत गेल्या. वाढण्याचंही एक शास्त्र होतं. मटण तळाशी बसतं, वडी वर तरंगते. म्हणून सासऱ्यांना वाढताना पळी खोल घालायची आणि मगज भरलेली नळी त्यांच्याच वाटीत जाईल असं बघायचं. नवऱ्याला मधून, म्हणजे थोडं हे, थोडं ते. मुलीला आणि मला वरवरून. सासूबाई सगळ्यात शेवटी, नेहमीसारख्या.

सासूबाईंना तुकडे आवडत नाहीत, रस्साच आवडतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रक्तगट ठाऊक असावा तसं. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात नवऱ्यानं मला ते सांगितलं होतं, त्याला त्याच्या वडिलांनी सांगितलं असणार. सगळ्यांचं झालं की त्या पातेलं वाकडं करून उरलेला रस्सा ओतून घ्यायच्या आणि भाकरी कुस्करून खायच्या. वड्यांच्या दिवसांत मात्र त्या वाटीभर वड्या घ्यायच्या. भाकरीच्या घासात एकेक वडी धरून सावकाश चावायच्या, मध्ये कोणाशी बोलायच्या नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, यांना सोयाबीन आवडलं. आणखी एक माणूस स्वस्तात खूश.

एकदा माझी पळी चुकली आणि सासऱ्यांच्या वाटीत दोन वड्या गेल्या. त्यांनी एक तोंडात टाकली. मुलगी म्हणाली, "आजोबा, ते तर सो..." सासूबाईंनी तिच्या तोंडात पापड कोंबला. सासरे बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "लय कवळं बोकड हे." नवऱ्याला ठसका लागला, तो पाणी प्यायला उठून गेला.

आखाड वाईट गेला. सगळ्या कॉलनीत मटणाचे वास, जो तो दुसऱ्याला जेवायला बोलावतो, आणि बोलावलं की परत बोलवावं लागतं. मग श्रावण आला आणि त्यानं आम्हाला वाचवलं. सासरे श्रावण कडक पाळतात. वर्षातला तो एकच महिना, ज्यात आमची ओढाताण आणि आमची भक्ती यांतला फरक बाहेरच्याला ओळखता आला नसता. पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र. मी इतकी देवभोळी पूर्वी कधी नव्हते. जे जे पाळता येण्यासारखं होतं ते सगळं पाळलं, आणि मध्ये जे मोकळे रविवार आले त्यांना वड्यांनी सांभाळून नेलं. पिशवी हातावर, डोळे मिटलेले, "एक किलो, बरोबर."

दिवाळीच्या आसपास वर्कशॉपमध्ये कामं परत आली. आठवडा पूर्ण भरला. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी मी मटणवाल्याकडे डबा न घेता गेले. "सगळं मटण?" त्यानं विचारलं. "सगळं," मी म्हटलं. म्हणताना माझी मान जरा ताठच झाली असेल.

पिशवी सासऱ्यांच्या हातात दिली आणि वाट बघत उभी राहिले. मला वाटलं, आज काहीतरी वेगळं म्हणतील. हाताला फरक लागेल, चेहरा उजळेल. ते म्हणाले, "एक किलो. बरोबर." तोच सूर, तेच शब्द. मला रागच आला. सात महिने ज्याला फसवलं त्याला खरं दिल्यावर पत्ता लागू नये, म्हणजे काय?

पण खरा राग पुढे यायचा होता. सगळ्यांना वाढून झालं. वाट्या भरलेल्या होत्या, मुलीलासुद्धा चार तुकडे आले होते. शेवटी सासूबाई बसल्या. पातेल्यात आणखी पाच-सहा तुकडे होते. त्यांनी ते पळीनं बाजूला सारले, रस्सा वाटीत घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आई, तुकडे घ्या ना."

"नको. संध्याकाळी ह्यांना व्हतील. मला रस्साच आवडतो."

"मग वड्या कशा खात होतात वाटीभर? उद्या तुमच्यासाठी वेगळ्या वड्या करीन. तुम्हाला आवडतात."

त्यांनी बाहेरच्या खोलीकडे एकदा बघितलं आणि मग हळू आवाजात बोलल्या, तक्रार न करता.

"वडी कशाची आवडती गं. आवडतो तुकडाच. पर वडी खाल्ली तर कुणाच्या ताटातलं कमी व्हत नाय."

आणि भाकरी कुस्करायला लागल्या.

दिवसभर मी घरात भांडी आपटत फिरले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, त्यालाही आपटल्यासारखंच उत्तर दिलं. राग कुणावर होता? सासऱ्यांवर, नवऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. सात महिने प्रत्येक वाटीत किती तुकडे गेले आणि किती वड्या, हे माझ्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. पळी खोल कुठे आणि वरवर कुठे, सगळं मी ठरवत होते. आणि जी बाई शनिवारी माझ्याबरोबर वड्या पिळत होती, तिची वाटी मात्र मीही कधी बघितली नव्हती. तिला रस्सा आवडतो, हे मलाही ठाऊक होतं ना.

पुढच्या रविवारी मी एक किलो मटण आणलं आणि डबाभर वड्या वेगळ्या आणल्या. पिशवी तोलली गेली, बरोबर झाली, आत आली. स्वयंपाक झाल्यावर पहिली वाटी मी सासूबाईंची भरली. पळी पार तळाला घालून. पाच तुकडे आणि वर नळी. त्यांना हाताला धरून बाहेरच्या खोलीत सगळ्यांबरोबर बसवलं आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"यडी का गं तू?" त्या उठायला लागल्या.

"बसा," मी म्हटलं. आवाज मोठा झाला, त्याला माझा इलाज नव्हता.

मग सासऱ्यांची वाटी ठेवली. तिच्यात वड्या होत्या आणि एक तुकडा. मुलगी माझ्याकडे, नवरा छताकडे बघायला लागला.

"बाबा, तुमच्या वाटीत सोयाबीनच्या वड्या आहेत," मी म्हटलं. "पाडव्यापासून दिवाळीपर्यंत रविवारच्या पिशवीत त्याच होत्या. तेव्हा चोरून घालत होते, आज सांगून घातल्यात. गावाला जायचं असेल तर तुम्ही बघा. आई कुठेही जाणार नाहीत."

रस्त्यावर कुठली तरी बस हॉर्न देत होती. सासऱ्यांनी एक वडी उचलली, बघितली आणि खाल्ली.

"ठावं हे," ते म्हणाले.

"काय ठावं आहे?"

"वड्या. पयल्या रविवारपासून. मांस पिशवीत बसतं, वडी पसरती. हाताला कळत नाय व्हय?"

"मग दर रविवारी 'बरोबर' कशाला म्हणत होतात?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात ठेवला. एवढा मोठा, कडक माणूस, पण त्या वेळी तो भाकरीकडे बघत बोलला.

"शबूद दिल्ता ना मी. मटण बंद झालं म्हणालो असतो तर सोमवारी गाडी धराया लागली असती. हिला जायाचं नव्हतं." तो तुकडा रश्शात बुडवून म्हणाले, "मलाबी नव्हतं जायाचं."

भेसळीच्या पोत्याला ज्यानं कधी 'बरोबर' हा शब्द दिला नाही, त्यानं आमच्या घरी राहण्यासाठी तो रविवारमागून रविवार दिला होता. आणि मी त्याला म्हातारा समजून खूश होत होते.

मग त्यांनी हात लांब करून सासूबाईंची वाटी उचलली. तळहातावर ठेवली, डोळे मिटले. इतकी वर्षं त्यांनी पोती तोलली, पिशव्या तोलल्या, परक्याचं तान्हं तोललं, ती वाटी त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होती. त्यांनी डोळे उघडले, स्वतःच्या वाटीतला तो एकुलता एक तुकडा उचलून तिच्यात टाकला आणि वाटी परत तिच्या जागेवर ठेवली.

"आता बरोबर," ते म्हणाले.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि नळी उचलून ताटाच्या काठावर दोनदा ठोकली. ती कशी ठोकायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही.